साडेअठरा न्यूट्रॉन

आठवीच्या घटक चाचणीला बाहेरून छापून आलेली प्रश्नपत्रिका होती. तिच्यात एका गुणाचा प्रश्न असा: क्लोरीनचा अणुअंक 17 व अणुवस्तुमान 35.5 आहे, तर क्लोरीनच्या अणूत न्यूट्रॉन किती? सोबतच्या उत्तरसूचीत उत्तर होतं 18. पोरांच्या उत्तरपत्रिकांत तीन उत्तरं सापडली. थोड्या जणांनी 18 लिहिलं, गाईड वापरणाऱ्यांनी 19, आणि उरलेल्यांनी, म्हणजे बऱ्याच जणांनी, 18.5.

हे प्रकरण त्या 18.5 वाल्यांपैकी एका मुलीचं आहे. तिनं वजाबाकी नीट मांडली होती, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या होत्या, आणि पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढून ते पुन्हा खोडलं होतं. खोडलेलं दिसत होतं म्हणूनच मी तिला बोलावलं.

शाळा बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. घरोघरी कापूस आणि सोयाबीन, काहींकडे थोड्या बकऱ्या. शाळेत वेगळी प्रयोगशाळा नाही; एक कपाट आहे आणि भिंतीवर आवर्तसारणीचा रंगीत तक्ता आहे. या प्रकरणात तो तक्ता महत्त्वाचा, कारण गोंधळाचं मूळ तिथंच निघालं.

मी विचारलं, "कशातून काय वजा केलं?"

"साडेपस्तीसातून सतरा, सर. अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा केला की न्यूट्रॉन येते. तुमीच सांगतलं."

"मग अर्धा न्यूट्रॉन असतो का?"

"नसंन. पण गणितात त आला ना."

या उत्तरात दोष कुठं आहे ते शोधणं म्हणजेच हा सगळा अभ्यास. सूत्र बरोबर, वजाबाकी बरोबर, प्रोटॉन 17 हेही बरोबर. चुकीची फक्त एकच गोष्ट: 35.5 हा अणुवस्तुमानांक नाही. पण तो तसा नाही हे तिला कळणार कसं? तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीत दोनच आकडे छापलेले असतात, वर पूर्णांक आणि खाली दशांशातला. पुस्तकात शिकवतात दोन अंक: अणुअंक आणि अणुवस्तुमानांक. पोरं दोनाला दोन जोडतात. वरचा तो अणुअंक, खालचा तो वस्तुमानांक. कोणीही असंच जोडेल.

खरी गोष्ट अशी की क्लोरीनच्या चौकटीत अणुवस्तुमानांक कुठंच नसतो, आणि असूही शकत नाही. अणुअंक मूलद्रव्याचा असतो: 17 प्रोटॉन म्हणजे क्लोरीन, जगात कुठंही. अणुवस्तुमानांक एकेका अणूचा असतो: त्या एका अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती कण आहेत, त्याची मोजणी. आणि तक्त्यावरचा 35.5 एका अणूचाही नाही, नुसत्या मूलद्रव्याचाही नाही. निसर्गात त्या मूलद्रव्याचं जे मिश्रण सापडतं, त्याची ती सरासरी आहे. तीन आकडे, तिघांचे मालक वेगळे. आपण शिकवताना तिन्ही एकाच दमात फळ्यावर लिहितो आणि मग मुलांनी मालक ओळखावेत अशी अपेक्षा करतो.

उरलेल्या दोन उत्तरांबद्दल माझं मत इथंच सांगून टाकतो. 18 लिहिणाऱ्यांना सूचीप्रमाणे गुण मिळाला. विचारल्यावर त्यातल्या काहींनी सांगितलं की "पॉइंट पाच सोडून देले". म्हणजे उत्तर जुळलं, कारण जुळलं नाही. 19 वाल्यांचा नियम गाईडातला: अणुवस्तुमान जवळच्या पूर्णांकात करा, मग वजाबाकी करा. 35.5 चे 36, वजा 17, बरोबर 19. मला तिन्हींत सगळ्यात घातक वाटतं ते हे 19. निसर्गातला क्लोरीन दोन प्रकारच्या अणूंचा बनलेला आहे: क्लोरीन-35, ज्यात 18 न्यूट्रॉन, आणि क्लोरीन-37, ज्यात 20. 19 न्यूट्रॉनवाला क्लोरीन-36 किरणोत्सारी आहे, म्हणजे किरणं सोडत आपोआप मोडणारा, आणि निसर्गात तो नावापुरताच सापडतो. म्हणजे गाईडाच्या नियमानं पोरगं नेमकं त्याच अणूवर जाऊन पोचतं जो बाटलीत जवळजवळ नसतोच.

ब्रोमीनला तर हा नियम उघडाच पडतो. अणुअंक 35, अणुवस्तुमान 79.9. पूर्णांक केला की 80, न्यूट्रॉन 45. साडेपस्तीसाबद्दल निदान शंका तरी येते, 79.9 चे 80 करताना कोणाचाही हात थांबत नाही. पण निसर्गातला ब्रोमीन म्हणजे जवळजवळ निम्मे ब्रोमीन-79 आणि निम्मे ब्रोमीन-81, न्यूट्रॉन 44 किंवा 46. ब्रोमीन-80 प्रयोगशाळेत करता येतो, आणि काही मिनिटांतच त्यातला निम्मा विघटित होतो. तांब्याचंही तेच: 63.5 चे 64 केले तर 35 न्यूट्रॉन येतात, आणि खऱ्या तांब्यात 34 तरी असतात नाही तर 36. त्यामुळे त्या मुलीचं साडेअठरा मला बाकी दोघांपेक्षा प्रामाणिक वाटलं. तिनं अडचण झाकली नव्हती, जशीच्या तशी कागदावर ठेवली होती.

रसायनशास्त्रालाही ही अडचण शंभर वर्षं पुरली. 1815 च्या सुमारास विल्यम प्राऊट यांनी मांडलं की सगळ्या मूलद्रव्यांची अणुभारं, म्हणजे आजची अणुवस्तुमानं, हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत. बऱ्याच मूलद्रव्यांना ते जवळपास लागूही पडत होतं. क्लोरीन आडवा आला. कितीही काटेकोर मोजा, साडेपस्तीसच्या आसपासच. 1913 मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची कल्पना मांडली: आवर्तसारणीत जागा एकच, रासायनिक वागणूक एकच, पण वस्तुमान वेगळं. पुढं फ्रान्सिस ॲस्टन यांनी 1919 मध्ये वस्तुमानाप्रमाणे अणू वेगळे करणारं उपकरण बांधलं आणि त्यात क्लोरीनही सोडला. 35 वर रेघ उमटली, 37 वर उमटली. साडेपस्तीसवर काहीच नाही. मजेची गोष्ट म्हणजे 36 आणि 38 वरही रेघा दिसल्या, पण त्या क्लोरीनच्या नव्हत्या. एकेक हायड्रोजन चिकटलेल्या क्लोरीनच्या, म्हणजे हायड्रोजन क्लोराइडच्या होत्या. आणि हे सगळं न्यूट्रॉन सापडायच्या आधी; जेम्स चॅडविक यांना तो 1932 मध्ये सापडला.

वर्गात मी इतिहास नंतर सांगितला. आधी नुसता प्रश्न ठेवला: एकही अणू साडेपस्तीसचा नसताना तक्त्यावर साडेपस्तीस कुठून येईल? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तीच मुलगी म्हणाली, "सर, आमच्या बकऱ्या विकाले नेल्या तवा बाबानं सरासरी काढली होती." ईदच्या आधीच्या बाजारात बकरे जिवंत वजनावर जातात, हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. मी फळ्यावर चार बकऱ्या मांडल्या: तीन 35 किलोच्या, एक 37 ची. एकूण 142, भागिले चार, साडेपस्तीस. मागून एक जण ओरडला, "पण साडेपस्तीसची बकरी त एकबी नाही!" वर्ग हसला. त्या हसण्यात काम झालं होतं, कारण क्लोरीनचं प्रमाणही हेच आहे, ढोबळमानानं चारांत तीन अणू 35 चे आणि एक 37 चा.

बकरीच्या हिशेबात एक धोका आहे, तो लगेच बंद करावा लागतो. बकरी चारा खाऊन 35 ची 37 होते. अणू तसा होत नाही. क्लोरीन-35 कितीही वर्षं ठेवा, तो 35 चाच राहतो. हे सांगितल्यावर मी बकऱ्या पुसून टाकल्या आणि पुन्हा काढल्या नाहीत.

त्यापुढचा तास पोटॅशवर झाला. खरिपात कृषी केंद्रातून आणलेलं लाल पोटॅश बहुतेक घरी असतंच. एकानं कागदाच्या पुडीत मूठभर आणलं. खताचं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आमचा क्लोरीन घराघरात पोत्यानं पडलेला. पोटॅशियमचा अणुअंक 19, तक्त्यावर 39.1. मुलीनं आता वजाबाकी केली नाही. तिनं विचारलं, "याच्यात कोणकोणते हाये?" प्रश्नाचा हा बदल मी वहीत टिपून ठेवला, कारण एवढंच हवं होतं. उत्तर: पोटॅशियम-39 सुमारे 93 टक्के, पोटॅशियम-41 पावणेसात टक्क्यांच्या आसपास, आणि पोटॅशियम-40 फक्त 0.0117 टक्के. न्यूट्रॉन अनुक्रमे 20, 22 आणि 21. पुडीतल्या पोटॅशियम-क्लोरीनच्या एखाद्या जोडीचं वस्तुमान 39 अधिक 35 म्हणजे 74 असेल, दुसरीचं 39 अधिक 37 म्हणजे 76. पुस्तकातल्या गणितात येतं ते साडेचौऱ्याहत्तर एकाही जोडीचं नाही.

पोटॅशियम-40 नगण्य वाटतो, पण हिशेब करून पाहावा. 50 किलोच्या पोत्यात पोटॅशियम साधारण 25 किलो भरतं. त्यातलं पोटॅशियम-40 जेमतेम तीन ग्रॅम. हा अणू किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य (निम्मे अणू मोडायला लागणारा काळ) सुमारे 125 कोटी वर्षं, म्हणजे फार सावकाश मोडणारा. तरीही त्या तीन ग्रॅममध्ये अणूच इतके असतात की पोत्यात दर सेकंदाला साडेसात लाखांहून जास्त अणू मोडतात.

हा आकडा सांगताना शिक्षकानं जपावं. संध्याकाळी एका पालकाचा फोन आला, "सर, पोरगं म्हणते पोटॅशमधून किरणं निघते. घरात ठू का नको?" मी सांगितलं, भाऊ, तुमच्या-माझ्या अंगातही शंभर-दीडशे ग्रॅम पोटॅशियम असतं, त्यातही सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू मोडतात, आणि माणूस पहिल्यापासून असाच जगत आला. पलीकडून उत्तर आलं, "असं असंन त आपल्यालेच घराबाहेर झोपा लागंन." पोतं कोरड्या जागी आणि लहान लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, एवढं मात्र सांगितलं, ते किरणांसाठी नव्हे, खत आहे म्हणून.

अणुअंकाची बाजू अजून कच्ची होती. पोरांच्या मनात अणुअंक म्हणजे तक्त्यावरचा हजेरी क्रमांक, कोणीतरी ठरवून दिलेला. म्हणून चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर फक्त नाव आणि दशांशातला आकडा: गंधक 32.06, क्लोरीन 35.45, आर्गॉन 39.95, पोटॅशियम 39.10, कॅल्शियम 40.08. चढत्या क्रमानं लावा म्हटलं. सगळ्यांनी पोटॅशियम आधी आणि आर्गॉन नंतर लावला, जे आकड्यांप्रमाणे बरोबरच आहे. मग भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहायला सांगितलं. तिथं उलटं. आर्गॉन 18, पोटॅशियम 19.

"तक्ता चुकला," असा निकाल लगेच लागला. मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये सारणी मांडली ती अणुभारांच्या क्रमानं, आणि गुणधर्म जुळावेत म्हणून टेल्युरियम-आयोडीनसारख्या जोडीत त्यांनी क्रम मोडलाही. आर्गॉन तेव्हा माहीतच नव्हता, तो 1894 चा. नुसत्या वजनानं चाललं असतं तर आर्गॉनसारखा कशाशीच सहसा संयोग न पावणारा वायू सोडियमच्या रांगेत बसला असता, आणि पाण्यात टाकताच पेट घेणारं पोटॅशियम निष्क्रिय वायूंच्या रांगेत. हेन्री मोझ्ली या तरुणानं 1913-14 मध्ये एकामागून एक मूलद्रव्यांचे क्ष-किरण तपासले आणि दाखवलं की त्यांची वारंवारता अणुभाराबरोबर नाही, तर एकेक पायरीनं वाढणाऱ्या एका पूर्णांकाबरोबर नेमानं वाढते. तो पूर्णांक म्हणजे केंद्रकावरचा धनप्रभार, आजच्या भाषेत प्रोटॉनची संख्या. हजेरी क्रमांक मोजता येणारा निघाला. मोझ्ली 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले, वय 27. हे ऐकून वर्गातला चुळबुळ करणाराही गप्प बसला.

पण मग आर्गॉन पोटॅशियमपेक्षा भारी का? प्रोटॉन एकानं कमी आणि सरासरी जास्त, हे कसं? इथं तो नगण्य पोटॅशियम-40 परत येतो. तो दोन वाटांनी मोडतो. दहातल्या जवळजवळ नऊ वेळा त्याच्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, आणि 20 प्रोटॉनचं कॅल्शियम-40 बनतं. उरलेल्या वेळी केंद्रक स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि 18 प्रोटॉनचा आर्गॉन-40 बनतो. कणांची मोजणी तिघांतही 40. मूलद्रव्यं मात्र तीन. यांना समभारिके म्हणतात, आणि पुस्तकातल्या एका ओळीच्या व्याख्येपेक्षा हे उदाहरण पोरांच्या जास्त लक्षात राहिलं. पृथ्वीच्या खडकांतलं पोटॅशियम अब्जावधी वर्षं असं मोडत आलं, त्यातला आर्गॉन हवेत येत गेला. आज आपल्या हवेत सुमारे 0.93 टक्के आर्गॉन आहे आणि तो जवळजवळ सगळा आर्गॉन-40. म्हणून त्याची सरासरी 39.95. पोटॅशियमची सरासरी मात्र 39 वाल्या अणूंनी खाली ओढलेली. तक्त्यावर वजनाचा क्रम उलटा दिसतो तो पृथ्वीच्या इतिहासामुळं, केंद्रकाच्या कुठल्या नियमामुळं नव्हे. "मिश्रणाची सरासरी" यातलं मिश्रण म्हणजे काय, हे मला याहून चांगलं सांगता येत नाही.

आमच्या गावाहून लोणारला जाणं अवघड नाही. कमळजा देवीच्या दर्शनाला पोरं लहानपणापासून विवराच्या तळाशी उतरलेली असतात. सरोवर उल्केच्या आघातानं झालं हे त्यांना पाठ आहे. किती वर्षांपूर्वी, ते ज्यानं त्यानं वेगळं ऐकलेलं. अनेक ठिकाणी 50-52 हजार वर्षं असा आकडा वाचायला मिळतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉनच्या समस्थानिकांवरच्या मोजणीनं तो सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर नेला, 47 हजार इकडेतिकडे धरून. विवराभोवतीचा काळा पाषाण मुळात साडेसहा कोटी वर्षांचा. आघातात त्यातला काही भाग वितळला, साठलेला आर्गॉन निघून गेला, आणि थिजलेल्या खडकात तो पुन्हा शून्यापासून साठू लागला. किती साठला आणि पोटॅशियम किती, हे कळलं की वय निघतं.

पोटॅशियम मोजायची युक्ती मला वर्गाच्या दृष्टीनं सोन्यासारखी वाटते. खडकाचा तुकडा अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात. पोटॅशियम-39 मध्ये एक न्यूट्रॉन आत शिरतो, एक प्रोटॉन बाहेर पडतो. मी एवढंच सांगून विचारलं, आता काय झालं? त्या मुलीनं वहीत लिहिलं: प्रोटॉन 19 चे 18, न्यूट्रॉन 20 चे 21, बेरीज 39 च. "सर, हा 39 चा आर्गॉन झाला." मग एकाच नमुन्यातला आर्गॉन-39 आणि आर्गॉन-40 यांचं प्रमाण मोजलं की काम झालं. वजाबाकी तीच, जी तिनं चाचणीत केली होती. या वेळी आकडे एका अणूचे होते.

काही आठवड्यांनी ब्रोमीनचा प्रश्न मुद्दाम त्याच घातक भाषेत दिला. तिनं लिहिलं: "79 चा असंन त 44, 81 चा असंन त 46. कोणता ते प्रश्नात नाही." आणखी काही जणांनी असंच लिहिलं. पण 45 लिहिणारेही उरलेच, आणि त्यात शिकवणीला जाणारी हुशार पोरं जास्त होती. नियम पाठ असला की शंका यायला जागा राहत नाही. गुण देताना मी एक ठरवलं: 45 ला शून्य, पण "अणुवस्तुमानांक 80 मानून" असं सोबत लिहिलं असेल तर पूर्ण. मानणं आणि असणं यातला फरक ज्याला कळला त्याचं उत्तर चूक म्हणवत नाही. सहकाऱ्यांना हे पटलेलं नाही. छापील सूचीला सोडून गुण द्यायचे तर केंद्रावर उत्तर कोण देणार, हा त्यांचा मुद्दा आहे आणि तो पोकळ नाही.

एक धागा मात्र आठवीच्या पुढचा निघाला. एका मुलानं ढोबळ तीनास एक सोडून खरे टक्के घेतले, 75.76 आणि 24.24, आणि सरासरी काढली. 35.48 आली. तक्त्यावर 35.45. त्यानं तीनदा ताडून पाहिलं, गणित बरोबरच होतं. कारण असं की 35 ही कणांची मोजणी आहे, वजन नव्हे. कार्बन-12 चं वस्तुमान बरोबर 12 धरून मोजलं तर क्लोरीन-35 चा अणू 34.97 भरतो आणि क्लोरीन-37 चा 36.97. हे आकडे घालून त्याची सरासरी 35.45 आली. पण कण तेवढेच असताना वजन पूर्णांकाला का बसत नाही, हे त्यानं लगेच विचारलं. केंद्रकात कण बांधले जाताना थोडं वस्तुमान ऊर्जेच्या रूपानं निघून जातं, आणि किती जातं ते केंद्रकागणिक बदलतं, इतकं सांगितलं. बाकीचं अकरावीत.